तारे झाका, वाचक दाखवा

पुस्तकांवरचे वाचकांचे अभिप्राय गोळा करणाऱ्या, त्यांची सरासरी काढणाऱ्या आणि ती मुखपृष्ठाशेजारी ठळक लावणाऱ्या समस्त मंडळींना,

सप्रेम नमस्कार.

तुमचं काम मला मनापासून आवडतं, हे आधीच सांगून टाकते. एखाद्या पुस्तकाखाली शे-दीडशे अनोळखी माणसं काय काय लिहून गेली आहेत ते वाचत बसणं हा माझा जुना नाद आहे. त्यासाठी मूळ पुस्तक वाचलेलं असायलाच हवं, असं मला कधी वाटलेलं नाही. या वाचनातूनच माझी तक्रार तयार झाली. तुम्ही जमवता माणसं आणि दारावर लावता एक आकडा. तो आकडा खाली उतरवा आणि त्याच्या जागी अभिप्राय देणारा कसा वाचक आहे, त्याने हे पुस्तक कशासाठी उघडलं आणि कुठवर नेलं, हे दिसू द्या. पत्रात मागणी एवढीच आहे. बाकीचं सगळं तिच्या समर्थनार्थ.

एकाच फळीवर ठेवलेली सहा पुस्तकं घ्या: एक शब्दकोश, पक्षी ओळखायची एक पुस्तिका, तीन वर्षांच्या मुलांसाठीचं चित्रपुस्तक, एक रहस्यकथा, आठशे पानांचा इतिहास आणि एक सडपातळ कवितासंग्रह. तुमच्याकडे या सहाही पुस्तकांखाली चाराच्या आगेमागे घुटमळणारा आकडा दिसतो. शब्दकोशाच्या ४.२ चा अर्थ असा की शोधलेले शब्द सापडले आणि शिवण लवकर उसवली नाही. रहस्यकथेच्या ४.२ चा अर्थ, लोक रात्री उशिरापर्यंत जागले. कवितासंग्रहाच्या ४.२ चा अर्थ बहुधा इतकाच, की त्या कवीला आधीपासून मानणाऱ्या चाळीस जणांनीच तो हाती घेतला. या तिन्ही गोष्टी तुम्ही एकाच मापाने मोजता. वर पुन्हा एक दुसरीपेक्षा दशांशाने सरस म्हणून तिला यादीत वर चढवता.

आता आकडा सोडून खालचा मजकूर वाचा. पुढचे नमुने कुणा एका वाचकाचे नाहीत, पण या धर्तीचे अभिप्राय तुमच्या डोळ्यांखालून रोज जातात. पक्ष्यांच्या पुस्तिकेला कुणीतरी पाच तारे देतो आणि लिहितो, ‘अप्रतिम! संग्रही असावं असं पुस्तक.’ दुसरा तीन तारे देतो आणि लिहितो, ‘नर-मादी शेजारी शेजारी दिलेत ते फार सोयीचं. पण पहिल्या वर्षाच्या पिल्लांची पिसं दाखवलेली नाहीत, त्यामुळे कुरव आणि शिकारी पक्षी आले की पुस्तक हात टेकतं. शिवाय चित्रं डाव्या पानावर आणि नकाशे पार शेवटी. दुर्बीण गळ्यात असताना पानं चाळणं जमत नाही.’ यातला कुठला अभिप्राय मला पुस्तक घ्यायला मदत करतो? अर्थात दुसरा. मी नवशिकी असेन तर मला कुरव आणि गरुडांची चिंता नाही, मी ते डोळे मिटून घेईन. मुरलेली असेन तर दुसरं शोधीन. त्या तीन ताऱ्यांच्या ओळींनी दोघींनाही योग्य वाटेला लावलं. तुमच्या हिशेबात मात्र त्या माणसाने पुस्तकाची सरासरी खाली आणली, एवढीच त्याची नोंद.

चित्रपुस्तकाची तर गंमतच आहे. ‘दोन मिनिटांत संपतं. एवढंच?’ असं म्हणून एक पालक एक तारा ठोकतात. त्यांच्याच खाली दुसऱ्या कुणी लिहिलेलं असतं: ‘रोज रात्री हेच. मला पाठ झालंय, तिला माझ्या आधीच झालं होतं. नववं पान फाटलंय, कारण तिथे झाडामागे अस्वल आहे आणि ते बाहेर यावं म्हणून ती बोटाने पान कुरतडते.’ या पुस्तकाच्या खऱ्या वाचकाला अजून लिहिता येत नाही, तारे देता येत नाहीत, आणि दिले असते तर दोन्ही मुठी भरून दिले असते. आपण वाचतो ते सगळे तिच्या बाजूने बोलणाऱ्या मोठ्यांचे शब्द. त्यातल्या एकाने मुलाकडे पाहिलं, दुसऱ्याने घड्याळाकडे. हे कळायला मजकूर लागतो.

रहस्यकथेखाली हमखास एक गृहस्थ असतात, ज्यांनी ‘खुनी विसाव्या पानावरच ओळखला’. दोन तारे. एरवी काय वाचता, असं त्यांना विचारलं तर कळेल की दर आठवड्याला दोन रहस्यकथा हातावेगळ्या करणारा हा माणूस आहे. त्याला न ओळखता येईल असा खुनी घडवणं अवघडच. वर्षातून एकदा प्रवासात रहस्यकथा वाचणाऱ्याला त्यांच्या दोन ताऱ्यांचा काडीचा उपयोग नाही. पण त्यांच्यासारख्याच दुसऱ्या मुरलेल्या वाचकाला तो अभिप्राय लाखमोलाचा आहे. तारा तोच, मोल कुणासाठी किती ते वाचकावर ठरतं. आणि शेवट फोडणाऱ्यांबद्दल मी काही लिहीत नाही. त्यांच्यासाठी वेगळं पत्र लागेल आणि त्यातली भाषा अशी राहणार नाही.

आठशे पानांच्या इतिहासाला प्रकाशनानंतर चौथ्या दिवशी पडलेले पाच तारे कसले असतात? लेखकावरच्या प्रेमाचे, विषयावरच्या प्रेमाचे, कधी नुसतेच विकत घेतल्याच्या आनंदाचे. एक ताराही तसाच. त्या ऐतिहासिक पुरुषाबद्दल किंवा घराण्याबद्दल मत आधीच ठरलेलं, पुस्तक निमित्त. सव्वा महिन्याने कुणीतरी येऊन शांतपणे लिहून जातो की शेवटची सूची अपुरी आहे, तिसऱ्या प्रकरणातल्या टीपांचे क्रमांक एकाने पुढे सरकलेत आणि लढाईचं प्रकरण मात्र नकाशा शेजारी ठेवून दोनदा वाचावं असं उतरलंय. तोवर आकडा ठरून गेलेला असतो आणि या माणसाला तिसऱ्या पानावर जागा मिळते.

ताऱ्याची कल्पना आजची नाही. १९३९ साली इंग्रज लेखिका व्हर्जिनिया वुल्फ यांनी पुस्तक-परीक्षणावर एक छोटी पुस्तिका लिहिली. वर्तमानपत्री परीक्षणांचा वाचकालाही उपयोग नाही आणि लेखकालाही नाही, असं त्यांचं म्हणणं. मग त्यांनी सुचवलं, की परीक्षकाला रजा द्या. एका कारकुनी हाताने पुस्तकाचा गोषवारा काढावा, कादंबरी असेल तर कथानक, कविता असतील तर चार ओळी, आणि शेवटी शिक्का मारावा: पसंतीला तारा, नापसंतीला खंजिराची खूण. त्यात थट्टा किती आणि गांभीर्य किती ते ज्याचं त्याने ठरवावं. त्यांचे पती लिओनार्ड यांनी त्याच पुस्तिकेत टीप जोडून असहमती नोंदवली आहे. तुम्ही मंडळींनी त्यातला शिक्का उचललात आणि गोषवारा टाकून दिलात. खंजीरही टाकलात. तो ठेवला असता तर निदान नापसंती सरळ दिसली असती. आज ती एका एकट्या ताऱ्याच्या रूपाने येते आणि बक्षिसासारखी दिसते.

सरासरीचा साधा दोष शाळकरी पोरही सांगेल. अर्ध्या लोकांनी पाच दिले आणि अर्ध्यांनी एक, तर सरासरी ३. सगळ्यांनी निमूटपणे तीन दिले तरी ३. पहिलं पुस्तक मी आजच्या आज मिळवीन, कारण ज्यावर माणसं अशी फाटतात त्यात काहीतरी आहे. दुसऱ्याच्या वाटेला बहुधा जाणार नाही. तुमच्या मुख्य पानावर दोन्ही जुळी भावंडं. कुणी किती तारे दिले त्या आलेखाचे पट्टे बघायला आणखी एकदा टिचकी मारावी लागते, आणि ती किती जण मारतात ते तुम्हालाच ठाऊक.

त्यात आणखी एक भर. अभिप्राय लिहायला बसतो तो कोण? भारावलेला किंवा भडकलेला. ज्याला पुस्तक बरं वाटलं, ज्याने ते मिटून जागेवर ठेवलं आणि जेवायला गेला, तो लिहीत नाही. नान हू, पॉल पावलू आणि जी झांग या अभ्यासकांनी २००९ मध्ये ऑनलाइन अभिप्रायांच्या या आकाराबद्दल लिहिलं: पाच तारे भरपूर, एक तारा बऱ्यापैकी, मधली जागा ओस. अशा ढिगाची सरासरी काढली की आकडा नेमका त्या ओस जागेच्या आसपास जाऊन उभा राहतो. म्हणजे तुम्ही जे मत पुस्तकाच्या माथ्यावर लावता, ते फारसं कुणाचंच नसतं.

माझ्या मागणीला सर्वांत भक्कम आधार देणारा अभ्यास २०१४ चा आहे. बालाझ कोवाच आणि अमांडा शार्की यांनी मोठ्या साहित्य-पुरस्कारांच्या अंतिम यादीत आलेली ६४ इंग्रजी पुस्तकं घेतली आणि त्यांवरचे ३८,८१७ वाचक-अभिप्राय तपासले. पुरस्कार जाहीर झाल्यावर विजेत्या पुस्तकाचं वाचकांकडून होणारं मूल्यांकन, यादीत राहून हरलेल्या पुस्तकांच्या तुलनेत जास्त घसरलं. पुस्तकात एक अक्षर बदललं नव्हतं. बदलले होते वाचक. बक्षिसाची बातमी ऐकून अशी माणसं त्या पुस्तकाकडे आली, जी एरवी त्या जातीच्या पुस्तकाकडे फिरकली नसती. त्यांना ते आवडलं नाही, यात कुणाचाच दोष नाही. पण तुमचा आकडा पाहणाऱ्याला वाटतं, पुस्तकच उतरलं. खरं तर पुस्तक चुकीच्या घरी पाहुणं म्हणून गेलं होतं.

याचीच दुसरी बाजू २०१० च्या एका अभ्यासात दिसते. जोना बर्जर, अ‍ॅलन सोरेन्सन आणि स्कॉट रासमुसेन यांनी न्यूयॉर्क टाइम्समधली परीक्षणं आणि पुस्तकांची विक्री एकमेकांशी ताडून पाहिली. नावाजलेल्या लेखकाच्या पुस्तकावर वाईट परीक्षण आलं तर विक्री सुमारे १५ टक्क्यांनी घटली. अनोळखी लेखकाच्या पुस्तकावर वाईट परीक्षण आलं तर ती सुमारे ४५ टक्क्यांनी वाढली. या अभ्यासकांचा युक्तिवाद असा, की अनोळखी पुस्तकाच्या बाबतीत टीका विसरली जाते, नाव लक्षात राहतं. मला त्यात आणखी एक शक्यता दिसते, ती माझी स्वतःची आहे, त्यांची नव्हे: चांगलं लिहिलेलं प्रतिकूल परीक्षण पुस्तकाचं वर्णन करतं. ‘लेखक चाळीस पानं नुसतं समुद्राचं वर्णन करत बसतो’ ही तक्रार वाचून निदान दहा माणसं ते पुस्तक शोधायला उठतील. त्यांच्यातली एक मी.

तुम्ही म्हणाल, लोकांना मजकूर वाचायला वेळ नसतो, म्हणून आकडा. हेही तपासून झालेलं आहे. ज्युडिथ शेव्हलिए आणि डिना मेझलिन यांनी २००६ मध्ये दोन मोठ्या ऑनलाइन पुस्तकविक्रेत्यांकडचे अभिप्राय आणि विक्री यांची तुलना केली. एका ताऱ्याने होणारं नुकसान पाच ताऱ्यांनी होणाऱ्या फायद्यापेक्षा मोठं असतं, हा त्यांचा निष्कर्ष बराच गाजला. त्याच अभ्यासात, अभिप्रायांच्या लांबीवरून, ग्राहक नुसत्या सरासरीवर विसंबत नाहीत, मजकूरही वाचतात असं त्यांनी दाखवलं. ही ओळ तुमच्यापैकी कुणी भिंतीवर लावलेली दिसत नाही.

केंब्रिजमध्ये समीक्षक आय. ए. रिचर्ड्स यांनी एक प्रयोग केला होता, तो १९२९ साली ग्रंथरूपाने आला. ते विद्यार्थ्यांना कविता छापलेले कागद वाटायचे. कवीचं नाव नाही, काळ नाही. घरी न्या, हव्या तितक्या वेळा वाचा आणि मनात येईल ते लिहून आणा. अशा तेरा कवितांवरचे अभिप्राय त्यांनी पुस्तकात मांडले. नाव झाकल्यावर जॉन डन यांच्यासारख्या मातब्बर कवीची कविताही अनेकांनी मोडीत काढली. कुणाला छंद खटकला, कुणाला धर्म आडवा आला, कुणाला कवितेतल्या एका शब्दावरून आपलीच जुनी आठवण उफाळून आली आणि पुढचं सगळं त्या आठवणीबद्दलच लिहिलं गेलं. रिचर्ड्स यांनी या सगळ्यांची अडथळे म्हणून वर्गवारी केली. कविता कशी वाचावी हे शिकवणाऱ्याच्या दृष्टीने ते अडथळेच. पुस्तक निवडणाऱ्याच्या दृष्टीने मात्र यासारखी कामाची माहिती नाही. ‘माझे वडील नुकतेच गेले, म्हणून असेल, पण मधलं प्रकरण मला वाचवेना’ असं जेव्हा कुणी लिहितो, तेव्हा तो पुस्तकाबद्दल आणि स्वतःबद्दल एकाच वाक्यात खरं बोलतो. त्याच मनःस्थितीत असलेल्या दुसऱ्याला ते वाक्य आज हवं असतं. त्या वाक्याचे किती तारे होतात?

आता काही गोष्टी ज्या आकड्यात मिसळूच नयेत. पार्सल भिजलं, कोपरा दुमडला, प्रत उशिरा आली, टाइप बारीक आहे: या तक्रारी रास्त आहेत, त्यांना वेगळा रकाना द्या आणि विषय संपवा.

आवृत्त्यांचा घोळ मात्र एवढ्यावर संपत नाही. एकाच पुस्तकाच्या सगळ्या आवृत्त्या, सगळे अनुवाद, संक्षिप्त रूपं, कधीकधी ऐकायची ध्वनिमुद्रित पुस्तकंसुद्धा तुमच्यापैकी अनेक जण एका नावाखाली बांधतात आणि सगळ्यांचे तारे एकत्र ओततात. वाचणाऱ्याचा आवाज एकसुरी होता म्हणून दिलेले दोन तारे मग त्या छापील पुस्तकाला चिकटतात ज्यात आवाजच नाही. एका वाईट अनुवादाची शिक्षा चांगल्या अनुवादाला होते. हेही जुनंच. १८५१ साली हर्मन मेलव्हिल यांची देवमाशाच्या शिकारीवरची कादंबरी आधी लंडनमध्ये निघाली, मग न्यूयॉर्कमध्ये. लंडनच्या आवृत्तीतून शेवटचा छोटा उपसंहार गळाला होता. जहाज बुडाल्यावर निवेदक कसा वाचला ते नेमकं त्या उपसंहारात आहे. (शेवट फोडल्याबद्दल क्षमस्व, पण पावणेदोनशे वर्षं होत आली.) तिथल्या काही परीक्षकांनी लेखकाला धारेवर धरलं, की सगळेच बुडाले तर ही गोष्ट सांगतोय कोण? प्रश्न बिनतोड होता. त्यांच्या हातातल्या प्रतीपुरता. त्यांनी कुठली आवृत्ती वाचली हे ठाऊक आहे, म्हणून आज आपल्याला ती टीका समजते. तुमच्या पद्धतीत ती माहिती पुसली गेली असती आणि उरला असता एक तारा.

लबाडीबद्दल थोडक्यात, कारण त्यावर तुम्ही स्वतःच बरंच बोलता. वॉल्ट व्हिटमन यांनी १८५५ मध्ये आपल्याच कवितासंग्रहाची निनावी परीक्षणं लिहून छापून आणली होती, म्हणजे परंपरा थोर आहे. २००४ मध्ये कॅनडातल्या एका मोठ्या ऑनलाइन दुकानात तांत्रिक बिघाडामुळे निनावी अभिप्रायांमागची खरी नावं काही काळ उघडी पडली, आणि काही लेखक स्वतःच स्वतःच्या पुस्तकाची पाठ थोपटत होते हे जगाला दिसलं. पैसे घेऊन पाच तारे पुरवणारे धंदे नंतर आले. या सगळ्यांत खोटा तारा बनवणं फार सोपं आहे, कारण ताऱ्याला तपशील लागत नाही. अस्वलाचं फाटलेलं पान खोटं लिहायला निदान पुस्तक उघडून बघावं लागतं.

न वाचता दिलेल्या ताऱ्यांचं प्रकरण याहून नाजूक आहे. जून २०२३ मध्ये एलिझाबेथ गिल्बर्ट यांनी सायबेरियात घडणारी आपली नवी कादंबरी जाहीर केली. ती यायला अजून कित्येक महिने होते, आणि तिच्या नावाखाली शेकडो एक-तारे पडले. युक्रेनवर युद्ध लादलेलं असताना रशियातली कथा आणणं युक्रेनी वाचकांना जिव्हारी लागलं होतं. लेखिकेने प्रकाशन थांबवलं. त्या वाचकांचं दुःख खरं होतं आणि ते बोलून दाखवायचा त्यांना पूर्ण हक्क होता, असं मी मानते. पण ते पुस्तकावरचं मत नव्हतं, असूच शकत नव्हतं. तुम्ही त्यांना बोलायला दिलेली एकमेव जागा म्हणजे ताऱ्यांची ओळ. मग निषेधही ताऱ्यांतच झाला. ‘मी हे पुस्तक वाचलेलं नाही, पण मला काही म्हणायचं आहे’ अशी एक वेगळी जागा असती तर त्यांचं म्हणणं अधिक स्वच्छ ऐकू गेलं असतं.

आता माझा सर्वांत आवडता मुद्दा: अर्धवट सोडलेली पुस्तकं. तुमच्याकडे पुस्तक पूर्ण न करणाऱ्याची अवस्था परीक्षेतून उठून गेलेल्या मुलासारखी आहे. तारे दिले तर बाकीचे अंगावर येतात, ‘पूर्ण न वाचता कसं बोलता?’ न दिले तर त्याचा अनुभव कुठेच नोंदला जात नाही. खरं तर ‘१४० व्या पानावर सोडलं, कारण तोवर सात पात्रं आली होती आणि सगळी एकाच आवाजात बोलत होती’ यासारखी नेमकी टीका पूर्ण वाचणाऱ्याकडून क्वचित येते. शेवटपर्यंत नेलेल्या माणसाला आपल्या कष्टांचं समर्थन करावं लागतं, सोडणाऱ्याला नाही. माणसं कुठल्या पानाशी सोडतात, ते मला दाखवा. वीस जणांनी पन्नासाव्या पानाच्या आसपास सोडलं आणि पुढे गेलेले सगळे खूश आहेत, असं दिसलं तर मी दात-ओठ खाऊन साठावं पान गाठीन. शब्दकोश आणि पक्षी-पुस्तिकेच्या बाबतीत तर ‘पूर्ण वाचलं का’ हा रकानाच हास्यास्पद आहे. शब्दकोश सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाचणाऱ्या माणसाला भेटायला मला आवडेल, पण त्याच्या सल्ल्याने मी शब्दकोश घेणार नाही.

कवितासंग्रहाचं उलट आहे. तो एका बैठकीत ‘वाचून काढला’ असं जो लिहितो, त्याने तो बहुधा नुसता काढलाच. कवितेवरचा खरा अभिप्राय उशिरा येतो, एका कवितेपुरता येतो, कधी एका ओळीपुरता. संग्रहाला तीन तारे द्यावेत आणि त्यातली एक कविता आयुष्यभर खिशात ठेवावी, असं होतं. तेव्हा संग्रहाखाली कवितांची नावं द्या आणि लोकांना त्या-त्या नावाशेजारी लिहू द्या. कथासंग्रहालाही हेच. याला तंत्रज्ञान लागत नाही, अनुक्रमणिका लागते.

वाचनालयशास्त्राची पाच सूत्रं शि. रा. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये ग्रंथरूपात मांडली. त्यातली दोन तुमच्या-माझ्या वादाच्या मधोमध बसतात: प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक, आणि प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक. यात पहिला नंबर, दुसरा नंबर कुठे नाही. चौथं सूत्र तुमच्या बाजूचं आहे, तेही सांगते: वाचकाचा वेळ वाचवा. तुम्ही आकड्याचं समर्थन त्यावरच करता. पण ४.२ पाहून घेतलेलं, माझ्यासाठी नसलेलं पुस्तक माझ्या तीन रात्री खातं. माझ्यासारख्याच कुणाचं चार ओळींचं म्हणणं वाचायला अर्धं मिनिट लागतं. वेळ कोण वाचवतंय?

‘प्रत्येकाने वाचायलाच हवं’ हे वाक्य तुमच्याकडे दर दहा अभिप्रायांत एकदा भेटतं. लिहिणाऱ्याचा उमाळा कळतो. पण अभिप्राय लिहायच्या चौकटीत तुम्ही फिकट अक्षरांत जो ‘तुमचं मत लिहा’ असा मजकूर ठेवता, त्या जागी ‘हे पुस्तक कुणाला द्याल? आणि कुणाला मुळीच देणार नाही?’ एवढं लिहून बघा. दुसऱ्या प्रश्नाला लोक मन मोकळं करून उत्तर देतात. वाचकांच्या बैठकीत मी हा प्रश्न विचारून पाहिला आहे. जी मंडळी एरवी ‘छान आहे’च्या पुढे जात नाहीत, तीसुद्धा ‘घाईत असलेल्याला देऊ नका’, ‘नुकतंच लग्न ठरलेल्याला तर नकोच’ असं बोलू लागतात, आणि पुस्तक एकदम डोळ्यांसमोर उभं राहतं.

अजून एक. वाचकाला आपलं मत बदलायची मुभा तुम्ही दिली आहे, पण नवं लिहिलं की जुनं नाहीसं होतं. ते होऊ देऊ नका. विसाव्या वर्षी पाच तारे दिलेली कादंबरी पंचेचाळिसाव्या वर्षी सपक लागते, किंवा तेव्हा कंटाळवाणी वाटलेली म्हाताऱ्याची गोष्ट आता धरून ठेवते. दोन्ही अभिप्राय एकाच माणसाचे, तारखांसह एकाखाली एक असू द्या. दहा अनोळखी माणसांच्या मतांपेक्षा मला ही जोडी जास्त सांगेल.

तुमचं उत्तर मला अंदाजाने माहीत आहे. लोक इतकं लिहिणार नाहीत. आकड्याशिवाय यादी लावता येणार नाही. यादी नसेल तर विक्री कशी होणार. शेवटचं कारण खरं आहे, हे तुम्हीही जाणता, म्हणून ते तुम्ही शेवटी सांगता. तेव्हा सगळं एकदम बदला असं मी म्हणत नाही. तारे हवे तर राहू द्या, पण मजकुराच्या आधी मागू नका. आधी ‘कशासाठी उघडलं’ आणि ‘कुठवर वाचलं’ हे विचारा, मग तारे. मुख्य पानावर सरासरीच्या जागी तीन अभिप्राय ठेवा: एक पसंतीचा, एक नापसंतीचा, एक अर्ध्यावर सोडणाऱ्याचा. एका फळीवर सहा महिने करून बघा. शब्दकोशांपासून सुरुवात केलीत तर कुणाच्या लक्षातही येणार नाही, आणि विक्री पडली तर दोष माझ्यावर ढकला.

आपली,
एक वाचक